निवडणुकीआधी तालुकाध्यक्ष बदलायचा असेल तर: सातारा-सांगलीच्या कार्यकर्त्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

जिल्हा परिषद-पंचायत समितीची निवडणूक जवळ आली की "हाच अध्यक्ष राहिला तर आम्ही घरात बसतो" असं म्हणणारे कार्यकर्ते जवळपास प्रत्येक तालुक्यात भेटतात. पक्ष कुठलाही असो, तक्रार सारखीच असते. अध्यक्ष फोन उचलत नाही, एकाच गटाचं ऐकतो, दहा वर्षांत अमुक खोऱ्यात पाऊल टाकलेलं नाही. तक्रार खरी असते, पण बदल कसा करायचा याची कुणालाच नीट माहिती नसते. मग सह्यांचा कागद फिरतो, तो व्हॉट्सॲपवर येतो, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी लागते आणि महिन्याभरात पक्षाचे दोन तुकडे होतात.

तालुकाध्यक्षाच्या हातात दोन गोष्टी असतात. एक म्हणजे पक्षाच्या नावानं बोलण्याचा आणि सही करण्याचा अधिकार. दुसरी म्हणजे बूथपर्यंतची ओळखीची माणसं. पहिली गोष्ट वरून आलेल्या एका पत्रानं दुसऱ्याकडे जाते. दुसरी पत्रानं जात नाही, जुन्या अध्यक्षानं स्वतःहून दिली तरच जाते. पुढचं सगळं या दुसऱ्या गोष्टीसाठी आहे.

आधी दिवस मोजा

जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचा क्रम ठरलेला असतो: गट-गणांची रचना (गट म्हणजे जिल्हा परिषदेचा मतदारसंघ, गण म्हणजे पंचायत समितीचा), आरक्षण सोडत, प्रारूप मतदार यादी, हरकती, अंतिम यादी आणि मग कार्यक्रमाची घोषणा. घोषणा झाल्यापासून अर्ज भरायला फार थोडे दिवस मिळतात. त्यामुळे घोषणेची वाट बघत बसलात तर वरातीमागून घोडं होईल. गटरचनेचा मसुदा आला की त्याच दिवशी हिशोब सुरू करा, आणि मतदानापासून नव्हे तर अर्जाच्या अंदाजे शेवटच्या दिवसापासून मागे मोजा.

आमचा ठोकताळा असा. हातात चार महिने किंवा जास्त असतील तर पूर्ण प्रक्रिया करता येते. दोन ते चार महिने असतील तर अध्यक्ष स्वतः बाजूला व्हायला तयार असेल तरच हात घाला. दोन महिन्यांहून कमी असतील तर अध्यक्ष बदलू नका. पद त्यांच्याकडेच ठेवून पक्षाच्या जिल्हा समितीकडून निवडणूक समन्वयक किंवा कार्याध्यक्ष नेमून घ्या आणि रोजचं काम त्याच्याकडे द्या. एवढ्या कमी वेळात नवा माणूस सगळ्या गणांत एकदा फिरूनही होत नाही.

मोठ्या पातळीवरची उदाहरणं हेच सांगतात. दिल्लीत ऑक्टोबर १९९८ मध्ये साहिबसिंग वर्मांच्या जागी सुषमा स्वराज मुख्यमंत्री झाल्या आणि मतदान नोव्हेंबरच्या अखेरीस होतं. भाजपला ७० पैकी १५ जागा मिळाल्या. कांद्याच्या भावानं लोक चिडले होते आणि सहा आठवड्यांत चेहरा बदलून तो राग उतरला नाही. पंजाबात काँग्रेसनं सप्टेंबर २०२१ मध्ये अमरिंदरसिंग यांना बाजूला करून चरणजितसिंग चन्नी यांना आणलं, मतदान फेब्रुवारी २०२२ मध्ये झालं आणि ११७ पैकी १८ जागा हाती आल्या. पाच महिने मिळाले होते, पण अमरिंदरसिंग दुखावून बाहेर पडले, वेगळा पक्ष काढला आणि उरलेल्यांची भांडणंही शेवटपर्यंत चव्हाट्यावर होती. त्याच सप्टेंबरात गुजरातेत भाजपचे मुख्यमंत्री विजय रुपाणी यांच्या जागी भूपेंद्र पटेल आले. रुपाणी शांतपणे बाजूला झाले, मंत्रिमंडळही सगळं नवं आलं आणि निवडणुकीला सव्वा वर्ष शिल्लक होतं. डिसेंबर २०२२ मध्ये तिथं १८२ पैकी १५६ जागा आल्या. आपल्याकडे १ फेब्रुवारी १९९९ ला मनोहर जोशींच्या जागी नारायण राणे आले, सप्टेंबरात निवडणूक झाली आणि शिवसेना-भाजप युतीची सत्ता गेली. जानेवारी २००३ मध्ये विलासराव देशमुखांच्या जागी सुशीलकुमार शिंदे आले, निवडणूक ऑक्टोबर २००४ मध्ये होती आणि काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीनं सत्ता राखली. निकाल फक्त चेहऱ्यावर ठरत नाही हे खरं, तरी किती वेळ मिळाला आणि जाणारा माणूस कसा गेला, या दोन गोष्टी प्रत्येक ठिकाणी तपासून बघण्यासारख्या आहेत.

राग माणसावर आहे की पक्षावर?

हे न तपासता पुढं गेलात तर सगळी मेहनत वाया जाईल. तालुक्यातले वीस बूथ निवडा: सात पक्षाचे हक्काचे, सात कायम विरोधात जाणारे आणि सहा कधी इकडे कधी तिकडे जाणारे. मागच्या विधानसभेची बूथनिहाय मतं फॉर्म २० मध्ये मिळतात आणि मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ती उपलब्ध असतात. ती उतरवून घ्या. मग प्रत्येक बूथवर दहा जणांशी बोला. त्यात निदान चार बायका असाव्यात, तीन जण पस्तिशीच्या आतले असावेत आणि पक्षाचा पदाधिकारी एकही नसावा.

विचारणारा माणूस त्या गावचा नको. स्वतःच्या गावात विचारलं की उत्तर भावकीला मिळतं, तुम्हाला नाही. अध्यक्षाचं नाव तुम्ही आधी घेऊ नका. पहिला प्रश्न, "तालुक्यात या पक्षाचं काम कोण बघतं?" दुसरा, "गेल्या वर्षभरात पक्षाचं कोण तुमच्या वस्तीवर आलं?" तिसरा, "पुढच्या वेळी मत द्यायचं की नाही, हे कशावर ठरवाल?" उत्तरं जशीच्या तशी लिहा.

दोनशे उत्तरांत सात टक्क्यांचा फरक इकडे-तिकडे सहज होतो, तेव्हा बारीक आकड्यांवर वाद घालू नका. ढोबळ चित्र बघा. निम्म्याहून जास्त लोकांना अध्यक्षाचं नावच माहीत नसेल, तर तो अप्रिय नाही, अपरिचित आहे. अशा वेळी बदलापेक्षा दौरे लावणं स्वस्त पडतं. नाव माहीत आहे आणि तक्रार पाणी, रस्ता, ऊसबिल किंवा दूधदराची आहे, तर राग पक्षावर किंवा एखाद्या संस्थेवर आहे आणि नव्या अध्यक्षालाही तोच राग झेलावा लागेल. "तो माणूस नको" असं दोन-तीन वेगवेगळ्या खोऱ्यांतून, वेगवेगळ्या समाजांतून ऐकू आलं, तरच बदलाला आधार आहे.

दोन गोष्टी इथं लक्षात घ्या. सातारा आणि सांगली जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आले. तो काळ लांबला. सदस्यच नाहीत म्हटल्यावर प्रत्येक कामाची विचारणा पक्षाच्या पदाधिकाऱ्यांकडे आली, आणि ज्याच्या हातात निधी नव्हता त्याच्या वाट्याला नाराजी मात्र पूर्ण आली. त्यातला किती दोष खरोखर अध्यक्षाचा, हे प्रामाणिकपणे वेगळं काढायला हवं.

दुसरी गोष्ट मतदारसंघांची. सातारा तालुका सातारा, कोरेगाव आणि कराड उत्तर अशा तीन विधानसभा मतदारसंघांत वाटला गेला आहे. खटाव तालुक्याचंही असंच. तासगावचं विसापूर महसूल मंडल खानापूर मतदारसंघात येतं, वाळव्याचा काही भाग शिराळ्यात. अशा तालुक्याच्या अध्यक्षाला दोन-तीन आमदारांची किंवा इच्छुकांची मर्जी सांभाळावी लागते. लोकांना जी निष्क्रियता दिसते ती पुष्कळदा या ओढाताणीची असते. तसं असेल तर माणूस बदलून उपयोग नाही. मतदारसंघनिहाय दोन कार्याध्यक्ष द्या, प्रश्न सुटेल.

अध्यक्ष महिला असतील तर आणखी एक तपासणी करा. मतदार याद्या, बैठकांचे निरोप, वरचे फोन त्यांच्यापर्यंत पोचत होते का? पद बाईंचं आणि कारभार दुसऱ्याच कुणाचा, असं चाललं असेल तर अपयश त्यांच्या नावावर लिहिणं अन्याय आहे.

बदलण्याचा अधिकार कुणाला?

सरपंच, सभापती यांच्यावर अविश्वास ठराव येतो, तो कायद्यानं दिलेला मार्ग आहे. पक्षाच्या तालुकाध्यक्षाला ते लागू नाही. त्याचं पद पक्षाच्या घटनेवर उभं असतं. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम २९अ खाली नोंदणी करताना प्रत्येक पक्षाला आपली घटना निवडणूक आयोगाला द्यावी लागते, आणि आयोगाच्या संकेतस्थळावर ती वाचायला मिळते. छापून घ्या आणि चार गोष्टींवर खूण करा: तालुका पातळीवरचा प्रमुख निवडला जातो की नेमला जातो, मुदत किती, दूर करण्याचा अधिकार कुणाचा, आणि बैठकीची गणपूर्ती (किमान हजेरी, म्हणजे कोरम) किती.

शिवसेनेच्या धाटणीच्या संघटनेत तालुकाप्रमुख वरून नेमला जातो. भाजपमध्ये तालुक्याऐवजी मंडल हा घटक असतो आणि एका तालुक्यात दोन मंडलं असू शकतात. काँग्रेसमध्ये ब्लॉक समिती आणि तिच्यावर जिल्हा समिती. कागदावर निवडणूक असली तरी प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी नियुक्तीपत्र जिल्हाध्यक्ष किंवा प्रदेशाकडून येतं. म्हणून तालुका कार्यकारिणीचा ठराव हा आदेश नसतो, ती शिफारस असते. हे न समजल्यामुळे "आम्ही बहुमतानं काढला" अशी पत्रकार परिषद होते, जिल्हा ती नाकारतो आणि तालुक्यात दोन अध्यक्ष फिरू लागतात.

वरिष्ठांना न विचारता केलेली नेमणूक जशी अंगलट येते, तशीच खालच्यांना न विचारता केलेलीही येते. सांगलीकरांना हे सांगायला नको. त्यांना न विचारता झालेल्या प्रभा राव यांच्या प्रदेशाध्यक्षपदाच्या नेमणुकीवरून नाराज होऊन वसंतदादांनी जून १९८५ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडलं होतं.

आणखी एक फरक. जिल्हा परिषदेतला किंवा नगरपालिकेतला गटनेता, म्हणजे तिथं निवडून आलेल्या पक्षाच्या सदस्यांचा नेता, हा तालुकाध्यक्ष नव्हे. त्याची नोंद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते आणि व्हिपचा (मतदानासाठीच्या पक्षादेशाचा) प्रश्न आला की १९८६ चा महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायदा लागू होतो. अध्यक्ष बदलला म्हणून गटनेता आपोआप बदलत नाही. विधिमंडळाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं ११ मे २०२३ च्या निकालात सांगितलं की व्हिप आणि नेता नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, निवडून आलेल्या सदस्यांच्या गटाचा नाही. सदस्यांच्या सह्या गोळा केल्या की झालं, असं समजणाऱ्यांनी हा निकाल समजून घ्यावा.

नवं नाव

नाव ठरवल्याशिवाय जुन्याला हात लावू नका. जागा रिकामी झाली की आठ इच्छुक उभे राहतात आणि जिल्हा म्हणतो, "आहे तेच राहू द्या." दोनच नावं ठेवा, एक पहिलं आणि एक पर्यायी.

माणूस कसा बघायचा? तो स्वतः उमेदवार नसावा आणि त्याच्या घरातलंही कुणी नसावं, ही आमच्या मते पहिली अट. तिकीट मागणारा अध्यक्ष झाला की बाकीच्या सगळ्या गटांतले इच्छुक पहिल्याच दिवशी त्याच्याविरुद्ध जातात. दुसरी अट, तालुक्याच्या दोन्ही टोकांना त्याचं जाणं-येणं हवं. पाटण, जावळीसारख्या तालुक्यात तिसरं टोक मुंबईत असतं. माथाडी आणि इतर कामांसाठी गेलेली हजारो मंडळी मुंबई-नवी मुंबईत राहतात, मतदानाला गावी येतात आणि घरच्यांचं मतही त्यांच्या फोनवर ठरतं. तिथल्या गावमंडळांत जो ओळखीचा नाही, तो इथं अर्धाच अध्यक्ष. तिसरी अट संस्थांची. तो एखाद्या साखर कारखान्याचा, दूध संघाचा किंवा सोसायटीचा पदाधिकारी असेल तर त्या संस्थेवरची नाराजी त्याच्याबरोबर येते. गळीत हंगाम सुरू असताना कारखान्याच्या संचालकाला अध्यक्ष केलं, की पहिल्या सभेत प्रश्न पक्षाचे नाही, ऊसतोडीचे येतात.

जाणाऱ्या अध्यक्षाची भेट

सगळ्या कामात हे सर्वांत नाजूक आहे. इथं घाई झाली की पुढं काहीही सावरत नाही.

सह्या गोळा करायच्या आधी ही भेट व्हायला हवी. तिघांनीच जायचं: अध्यक्ष ज्यांचा शब्द मानतात असे एक ज्येष्ठ, त्यांचा स्वतःचा एक जवळचा मित्र, आणि नाराज कार्यकर्त्यांपैकी सर्वांत शांत माणूस. नवा इच्छुक कधीही बरोबर नको, गाडीतसुद्धा नको. भेट त्यांच्या घरी किंवा मळ्यात घ्या. हॉटेल नको, पक्ष कार्यालय नको, आणि लग्नाच्या मांडवात कोपरा गाठून तर मुळीच नको. घरातल्या माणसांसमोर विषय काढू नका. वडिलांच्या किंवा मुलाच्या देखत पद सोड म्हटलेलं कुणीही विसरत नाही.

बोलायचं ज्येष्ठांनी. आधी त्यांनी केलेलं काम नावानिशी सांगायचं: कुठली शाखा काढली, कुठल्या निवडणुकीत कुठला बूथ राखला. मग सर्वेक्षणाचं चित्र, कुणाचंही नाव न घेता. मग थेट विचारायचं: "दादा, या निवडणुकीत तुमचा मान राहावा आणि पक्षही राहावा, यासाठी काय करूया?" आणि मग गप्प बसायचं. बहुतेक वेळा पहिल्या भेटीत राग येतो, हिशोब निघतात, "कुणी सांगितलं?" अशी विचारणा होते. नावं देऊ नका. भांडू नका. चहा घ्या आणि "आठ दिवसांनी येतो" म्हणून उठा. खरी भेट दुसरी असते.

दुसऱ्या भेटीत पुढची जागा बोलायची. जिल्हा उपाध्यक्षपद, प्रचार समितीचं अध्यक्षपद, जिल्हा निवड मंडळात स्थान, असं काही. पण ज्याला ती जागा देण्याचा अधिकार आहे त्याची आधी फोनवर नव्हे, समोरासमोर संमती घेतलेली असावी. तुम्ही शब्द दिला आणि जिल्ह्यानं मोडला, तर दुसऱ्यांदा तुमच्याशी कुणी बोलणार नाही.

जिल्हा परिषदेच्या तिकिटाचा शब्द आरक्षण सोडतीआधी कधीच देऊ नका. स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत आणि अनुसूचित जाती-जमाती व मागास प्रवर्गाच्या जागा वेगळ्या. खुला वाटणारा गट सोडतीत राखीव निघाला की शब्द पाण्यात जातो, आणि तो माणूस आयुष्यभर म्हणतो की मला फसवलं.

ते ऐकत नसतील तर: निवेदन

तीन भेटींनंतरही नकार असेल तरच लेखी मार्ग घ्या. निवेदन दोन पानांच्या वर नको. पहिल्या पानावर परिस्थिती आणि मागणी, दुसऱ्यावर बूथनिहाय चित्राचा तक्ता. सह्यांचे कागद वेगळे जोडा. प्रत्येक सहीपुढं नाव, पद, गाव, गण आणि मोबाईल लिहा. ज्याला पद नाही त्याची सही वेगळ्या यादीत घ्या. एक जरी सही बनावट निघाली तरी सगळं निवेदन कचऱ्यात जातं, म्हणून प्रत्येक सही दोघांच्या समोर घ्या आणि कोऱ्या कागदावर कधी घेऊ नका.

सह्यांच्या एकूण आकड्यापेक्षा त्या किती गणांतून आल्या हे वरिष्ठ बघतात. एका गटात दोन गण असतात. तालुक्यात सहा गट असतील तर बारा गण झाले. त्यांतल्या निदान आठ गणांतून, प्रत्येकी पाच-सहा जबाबदार पदाधिकाऱ्यांच्या सह्या असतील, तर त्या एकाच गावातल्या तीनशे सह्यांपेक्षा भारी पडतात.

मजकुरात आरोप नकोत. "भ्रष्ट", "गद्दार", "विरोधकांना मिळालेले" असे शब्द एकदा लिहिले की परतीची वाट बंद होते, आणि प्रचारात हाच कागद विरोधक वाचून दाखवतात. अध्यक्षांच्या जातीचा, घरच्या भांडणाचा, तब्येतीचा उल्लेख अजिबात नको. फक्त तारखा आणि गोष्टी: अमुक महिन्यापासून कार्यकारिणीची बैठक नाही, इतक्या बूथवर प्रमुख नाही, सदस्य नोंदणीची पुस्तकं इतकी परत आली.

शिष्टमंडळ सात ते नऊ जणांचं असावं. त्यात निदान दोन महिला, एक युवक आघाडीचा आणि आतापर्यंत अध्यक्षांच्या गटात समजला जाणारा निदान एक माणूस हवा. आधी जिल्हाध्यक्ष, मग पक्षनिरीक्षक, आणि जिल्ह्यानं पंधरा दिवसांत काहीच कळवलं नाही तरच प्रदेश. जिल्हा ओलांडून थेट मुंबई गाठली की जिल्हाध्यक्ष विरोधात जातात, आणि नियुक्तीपत्र शेवटी त्यांच्याच शिफारशीनं निघणार असतं. प्रतीवर पोच घ्या. निवेदनाचा फोटो कुणीही काढायचा नाही, हे निघण्याआधी ठरवा.

बैठक, ठराव, राजीनामा

बैठकीची सूचना सात दिवस आधी, लेखी, विषयपत्रिकेसह पाठवा. घटनेत वेगळी मुदत असेल तर ती पाळा. व्हॉट्सॲपवर पाठवलीत तरी ज्यांच्यापर्यंत पोचली नाही त्यांच्या घरी कागद द्या. आचारसंहिता लागली असेल तर शासकीय विश्रामगृहात बैठक घेऊ नका. खासगी सभागृह किंवा कार्यकर्त्याचं घर बघा. निरीक्षक हजर असतील तर उत्तम.

दोन ठराव वेगवेगळे घ्या आणि आभाराचा आधी घ्या. नमुना असा:

"ठराव क्र. १ : मावळते तालुकाध्यक्ष श्री. ……… यांनी सन …… ते …… या काळात पक्षासाठी केलेल्या कार्याबद्दल ही सभा त्यांचे मनःपूर्वक आभार मानते.
ठराव क्र. २ : आगामी जिल्हा परिषद व पंचायत समिती निवडणुकीच्या पार्श्वभूमीवर तालुकाध्यक्षपदी श्री./श्रीमती ……… यांची नियुक्ती करावी, अशी शिफारस ही सभा मा. जिल्हाध्यक्षांकडे करते. सूचक : ……… अनुमोदक : ………"

सूचक किंवा अनुमोदक मावळत्या अध्यक्षांच्या गटातला असेल तर निम्मं काम तिथंच होतं. मतदान टाळता आलं तर टाळा, पण घ्यावंच लागलं तर चिठ्ठीनं घ्या. हात वर केलेले पुढं वर्षानुवर्षं लक्षात ठेवले जातात. इतिवृत्त त्याच दिवशी लिहून हजेरीपटासह सह्या घ्या.

राजीनामा ज्याला स्वीकारण्याचा अधिकार आहे त्याच्याच नावे हवा, तारखेसह आणि विनाअट. "अमुक पद मिळाल्यास" असं लिहिलेला राजीनामा लोंबकळत राहतो. तब्येतीचं खोटं कारण लिहायला लावू नका. "निवडणुकीत नव्या सहकाऱ्यांना संधी मिळावी" एवढं पुरे आणि ते खरंही असतं. राजीनामा, तो स्वीकारल्याचं पत्र आणि नवं नियुक्तीपत्र एकाच दिवशी हातात असावं. मध्ये चार दिवस गेले की त्या चार दिवसांत अफवा आणि मनधरणी दोन्ही सुरू होतात.

पहिले तीन दिवस: काय ताब्यात घ्यायचं

बॅनर लावायची घाई करू नका. आधी ही यादी पुरी करा: बूथप्रमुखांची नावं आणि नंबर, खुणा केलेल्या मतदार याद्या, सदस्य नोंदणीची पुस्तकं, लेटरहेड आणि शिक्के, किती शिल्लक त्याची नोंद करून, बँक खात्यावरच्या सह्यांचा बदल, कार्यालयाचा भाडेकरार आणि थकलेलं वीजबिल, व्हॉट्सॲप गटांचं ॲडमिनपद आणि फेसबुक पानाचा ताबा, मागच्या निवडणुकीतल्या मतदान प्रतिनिधींची यादी.

यातली सर्वांत मौल्यवान वस्तू खुणा केलेली मतदार यादी. कुठलं घर कुणाचं, कोण पुण्याला, कोण मुंबईला, कुणाला मतदानाला गाडी लागते, हे तिच्यात असतं. जुन्या अध्यक्षांनी ती दिली नाही तर दुसरी यादी विकत मिळते, पण खुणा मिळत नाहीत.

तालुका पोलीस ठाण्याला आणि तहसील कार्यालयाला नव्या पदाधिकाऱ्याचं नाव पत्रानं कळवा. सभा-रॅलीच्या परवानग्या मागताना जुन्याची सही गेली तर अडचण होते.

एबी फॉर्म

उमेदवाराला पक्षाचं चिन्ह मिळतं ते या दोन फॉर्मवर. ए फॉर्मवर उमेदवारी देण्याचा अधिकार कुणाला आहे त्याचं नाव आणि नमुना सही असते. बी फॉर्मवर तो अधिकारी उमेदवाराचं नाव देतो. मूळ सही शाईची लागते. झेरॉक्स, स्कॅन किंवा रबरी शिक्क्याची सही चालत नाही. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत दोन्ही निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे पोचायला हवेत.

अध्यक्ष बदलताना होणारी सर्वांत महाग चूक इथं असते. ए फॉर्मवर जुन्या पदाधिकाऱ्याचं नाव गेलेलं असतं आणि बी फॉर्मवर नवा सही करतो. सह्या जुळत नाहीत आणि उमेदवाराचं चिन्ह जातं. किंवा जुन्यानं रागाच्या भरात दुसऱ्याच कुणाला बी फॉर्म दिलेला असतो आणि एका जागेवर पक्षाचे दोन अर्ज येतात. उपाय सरळ आहे. ए फॉर्मवर तालुक्याच्या कुणाचंच नाव देऊ नका, जिल्हा किंवा प्रदेश पातळीवरच्या माणसाचं द्या. बदल आधीच झाला असेल तर जुन्या सहीचे कोरे फॉर्म मोजून परत घ्या. बी फॉर्म वाटताना प्रत्येकाचा क्रमांक, उमेदवार, तारीख, वेळ अशी वही ठेवा आणि शेवटच्या दिवशी एक माणूस दुपारी १२ पासून निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या दारात बसवा.

नव्या अध्यक्षाचे पहिले तीस दिवस

नियुक्तीपत्र हातात आल्यावर पहिली भेट मावळत्या अध्यक्षांच्या घरी, हार-शाल घेऊन, कॅमेऱ्याशिवाय. दुसरी भेट ज्यांनी ठरावाला विरोध केला त्यांच्याकडे. सत्कार समारंभ दोन आठवडे नकोत. सत्कारात ज्याला बोलावलं नाही तो दुखावतो, आणि ज्याला बोलावलं तो हिशोब मागतो.

रोज तीन गावं धरली तर तीस दिवसांत नव्वद गावं होतात. क्रम दुबळ्या गणांपासून लावा. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या डोंगरी भागात पावसाळ्यात वाड्या-वस्त्यांवर पोचणं कठीण जातं, तेव्हा ते दौरे उघडीप बघून आधीच उरका. माण, खटाव, आटपाडी, जतकडे सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला जा, दुपारी माणूस रानात असतो. प्रत्येक गावात बूथप्रमुख तोच ठेवायचा की नाही, हे त्याच दिवशी ठरवू नका. महिनाभर कुणालाही काढायचं नाही, असं जाहीर सांगा. जुन्या अध्यक्षाची माणसं याच महिन्यात थांबतात किंवा जातात.

तिसाव्या दिवशी पहिल्या वीस बूथवर पुन्हा तेच तीन प्रश्न, त्याच पद्धतीनं विचारा. नव्या अध्यक्षाचं नाव तिथं आपणहून ऐकू आलं तर दौरे असेच पुढं चालू ठेवा. आलं नाही तर उरलेल्या दिवसांत त्याला तालुकाभर फिरवत बसू नका. पक्ष मागे पडत असलेल्या चार गणांतच मुक्कामाला पाठवा आणि बाकीच्या गणांची जबाबदारी, ते तयार असतील तर, मावळत्या अध्यक्षांकडे लेखी द्या.